जुनी फोर बाय फोर, पण कामासाठी: पैसे द्यायच्या आधी गाडीखाली शिरा

ज्यांचे हेडफोन घरी राहिले त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड लिहून. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं...' काढलेत.

रत्नागिरीकडच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. घरची हापूसची कलमं डोंगरावर. वरचा रस्ता अर्धा जांभ्याचा, अर्धा मातीचा. जूनमध्ये खताची पोती वर न्यायची, एप्रिल-मेमध्ये भरलेल्या पेट्या खाली आणायच्या. भाड्याचा पिकअपवाला पाऊस पडला की येत नाही. बजेट कमी, म्हणून जुनी फोर बाय फोर बघतोय. कुठली घेऊ?

मॉडेलवर येतोच, पण आधी एक हिशोब करा. वर्षात किती दिवस गाडी खरंच अडते? चार-पाच दिवस अडत असेल तर साधी बोलेरो, मागच्या चाकांवर थोडं वजन आणि चांगल्या खोल नक्षीचे टायर, एवढ्यात भागतं. फोर बाय फोर म्हणजे जास्तीची शाफ्ट, जास्तीचा डिफरन्शियल, जास्तीचं ऑइल, म्हणजेच जास्तीचा खर्च. आणि गोटा झालेल्या टायरवर चारही चाकं फिरली तरी चारही घसरतातच, हे लक्षात ठेवा.

पण या श्रोत्याच्या बाबतीत मी म्हणेन, घ्या. कारण चढ नाही, उतार! सगळे चढाचंच बोलतात. या जुन्या गाड्यांमध्ये गिअरच्या बाजूला दुसरा छोटा लिव्हर असतो. त्यात टू-एच, फोर-एच आणि फोर-एल असे पर्याय असतात. फोर-एल म्हणजे लो रेंज. पहिल्या गिअरमध्ये टाकली की गाडी माणसाच्या चालीने उतरते, इंजिन चारही चाकांना धरून ठेवतं आणि ब्रेकवर पाय ठेवून बसावं लागत नाही. सुट्या खडीवरून पेट्या भरून उतरताना याची किंमत कळते.

एक गैरसमज मात्र काढून टाका. या बहुतेक गाड्या पार्ट-टाइम फोर बाय फोर आहेत, म्हणजे गुंतवल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतो. चिखलात ठीक, चाकं थोडी घसरून फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर वळण घेतलं की तो ताण कुठेच जात नाही, तो गिअर आणि शाफ्टवर येतो. म्हणून डांबर लागलं की परत टू-एच. चारही टायर एकाच मापाचे हवेत तेही यासाठीच.

आता मॉडेल. जिप्सी हलकी, चिखलात मस्त, पण पेट्रोल पिते आणि ओझ्याला लहान. उत्पादन बंद झालंय, त्यामुळे पार्ट कुठे मिळतात ते आधी विचारा. आता पंपावर ई-ट्वेंटी पेट्रोल मिळतं, म्हणून जुन्या जिप्सीचे रबरी पाइप आणि गॅसकेटही तपासून घ्या. लष्कराच्या लिलावातल्या जिप्सी स्वस्त दिसतात; कागद स्वच्छ असल्याशिवाय हात लावू नका.

२०१० ते २०२० मधली जुनी थार चांगली आहे, पण तिची किंमत वीकेंडवाल्यांनी चढवून ठेवलीय. तुम्हाला पोती न्यायची आहेत, रील काढायचं नाहीये. सीआरडीई इंजिनला ताकद आहे, पण इंजेक्टर बिघडले तर खर्च मोठा. डीआय इंजिन साधं, तालुक्याचा मिस्त्रीही उघडतो. फक्त डीआय थार टू-व्हील-ड्राइव्हमध्येही यायची, तेव्हा दुसरा लिव्हर आहे का बघा.

माझं मत बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर. पुढे माणसं, मागे हौदा, खाली पाटे, पार्ट जवळपास कुठेही. ती मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर फिटनेस ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी, हे हिशोबात धरा. आणि हौद्यात गडी बसवून नेऊ नका. अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो.

आता गाडी बघायला गेलात की काय करायचं? जुनी गाडी म्हणजे लेगसी कोड. बाहेरून चालतंय असं दिसतं, आत कोणी काय जोडलंय देव जाणे. त्यामुळे चाचणी करा.

सपाट जागा, मागच्या चाकांना दगड. गाडी फोर-एचमध्ये टाका. बऱ्याच जिप्सींना पुढच्या चाकांवर हब-लॉक असतात, ते उतरून हाताने फिरवून लॉक करा. मग पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. थोडं हलून अडलं पाहिजे. गरगर फिरलं, तर पुढचं ड्राइव्ह मेलेलं आहे. लिव्हर फक्त शोभेचा! मग टू-एचमध्ये टाकून फिरवा. आता चाक फिरलं पाहिजे आणि खरखर आवाज येता कामा नये.

त्यानंतर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली शिरा. पाटे जिथे चासीला धरलेत ती जागा टोचून बघा. किनारपट्टीची गाडी असेल तर खाऱ्या वाऱ्याने आतून पोखरलेली असते. खाली ताजा काळा रंग दिसला की मी दुप्पट टोचतो. इंजिन बांधता येतं, कुजलेल्या चासीचा भरवसा नाही.

शेवटी कागद. चासीवर कोरलेला नंबर, आरसी आणि एमपरिवहन ॲप, तिन्ही जुळले पाहिजेत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५, परराज्यातली असेल तर फॉर्म २८ची एनओसी आणि नावावर करायला २९ व ३०. खाजगी गाडीला १५ वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्स भरलाय का विचारा. इंजिन बदललं असेल, किंवा टू-व्हील-ड्राइव्हला दुसऱ्या गाडीचं ॲक्सल लावून फोर बाय फोर 'बनवली' असेल तर सरळ निघून या. मूळ रचना बदललेल्या गाडीची नोंदणी होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलंय.

आणि बजेटमधला साधारण पाचवा हिस्सा खिशातच राहू द्या. टायर, क्लच, सगळी ऑइलं, हे पहिल्या महिन्यातच निघतं. विकणारा म्हणेल "काही काम नाही हो गाडीला". तुम्ही जॅक काढा.