महाडचा इतिहास मोबाईलवर नीट वाचता यावा म्हणून

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. २०२७ मध्ये त्याला १०० वर्षे पूर्ण होतात. त्याआधी आपल्या मंडळांनी आपापली जुनी संकेतस्थळे एकदा मोबाईलवर उघडून पाहावीत, ही विनंती.

मुरूडकडच्या एका वस्तीत सत्याग्रहाची माहिती देणारे एका मंडळाचे जुने पान मी एका आजींना दाखवले. मजकुराची मधोमध बारीक पट्टी, एका ओळीत जेमतेम एखादा शब्द. "तूच वाचून दाखव," असे म्हणून त्यांनी मोबाईल परत दिला. दोष आजींच्या नजरेचा नव्हता, पानाच्या समासाचा होता.

पूर्वी समास पानाच्या 'बॉडी' या टॅगमध्येच लिहीत. इंटरनेट एक्सप्लोररसाठी 'लेफ्टमार्जिन' व 'टॉपमार्जिन', तर नेटस्केपसाठी 'मार्जिनविड्थ' व 'मार्जिनहाइट'. त्यामुळे दोन्ही जोड्या लिहाव्या लागत, आणि त्याही प्रत्येक पानावर. शिवाय हे आकडे फक्त पिक्सेलमध्ये चालतात. दोन्ही बाजूंना १५० पिक्सेल सोडले, तर १०२४ पिक्सेलच्या संगणकावर मजकुराला ७२४ उरतात. ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाईलवर उरतात फक्त ६०!

यावर उपाय स्टाइलशीटचा, म्हणजे सीएसएसचा. तिची पहिली आवृत्ती १९९६ सालीच आली. समास, रंग, अक्षराचा आकार हे सारे एका वेगळ्या फाइलमध्ये लिहायचे आणि सर्व पाने तिला जोडायची. तिथे समास टक्क्यांत देता येतो. बॉडीला ५ टक्के मार्जिन दिले, की मोबाईलवर प्रत्येक बाजूला १८ पिक्सेल सुटतात, संगणकावर सुमारे ५१. पुढे बदल करायचा झाल्यास एकच ओळ बदलायची.

एचटीएमएल ५ ने हे जुने गुणधर्म कालबाह्य ठरवले आहेत. ब्राउझर ते अजून ओळखतात, पण स्टाइलशीटमध्ये समास दिला असेल तर तोच लागू होतो. म्हणून शेकडो जुनी पाने असली तरी घाबरू नये. आधी स्टाइलशीट जोडा, जुने गुणधर्म सवडीने काढा. सोबत 'व्ह्यूपोर्ट'ची ओळही हवी. ती नसेल तर मोबाईल पान संगणकाएवढे रुंद धरतो आणि अक्षरे बारीक दिसतात.

मंडळातल्या संगणक शिकलेल्या मुलामुलींना हे एका संध्याकाळचे काम आहे. झाले, की ते पान आधी घरातल्या आजीच्या हातात द्या.

जयभीम!