सर्व पाहणारा डोळा

ज्याला कोणी समोरासमोर पाहिले नाही, पण जो सर्वांना पाहतो, असा राज्यकर्ता ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीत आहे. त्याचे नाव बिग ब्रदर, म्हणजे मोठा भाऊ. जॉर्ज ऑर्वेल यांची ही इंग्रजी कादंबरी १९४९ साली प्रसिद्ध झाली. (ऑर्वेल यांचा जन्म १९०३ साली बिहारमधील मोतीहारीचा. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते.)

भिंतीभिंतीवर मोठ्या भावाची तसबीर आणि पक्षाच्या माणसांच्या घरात टेलिस्क्रीन. हा पडदा दाखवतो तसा पाहतोही, बोलतो तसा ऐकतोही. मनात नुसता विचार आला तरी गुन्हा! हे सारे ओळखीचे वाटते, कारण सांगाडा धर्माचा आहे. कधी न मरणारा प्रभू आहे, सैतानाच्या जागी गोल्डस्टाईन नावाचा पक्षद्रोही आहे, मनातले पाप आहे, कबुलीजबाबही आहे. मोठ्या भावाचा चेहरा पडद्यावर उमटताच एक बाई हात पसरून त्याला तारणहार म्हणते आणि प्रार्थना करू लागते. छळ करणारा ओब्रायन तर युरोपातील जुन्या धर्मन्यायालयांची चूकच काढतो. त्यांनी पाखंड्यांना पश्चात्तापाआधी जाळले, म्हणून ते हुतात्मे ठरले. आम्ही आधी मन बदलतो, मग मारतो, असा त्याचा हिशेब.

आणि घरातली पोरे? पार्सन्सची सात वर्षांची मुलगी दाराच्या फटीला कान लावते, झोपेत बरळणाऱ्या बापाची चुगली करते. तुरुंगातही बापाला तिचा अभिमानच वाटतो!

पण धर्मातला डोळा नेहमी असाच असतो काय? बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात हागार नावाची मिसरी दासी आहे. गरोदरपणी मालकिणीचा जाच असह्य होऊन ती रानात पळते. तिथे झऱ्यापाशी देवदूत तिला गाठतो, आणि ती देवाला ‘मला पाहणारा’ असे नाव देते. दासीचे दुःख कोणी तरी पाहिले, हा तिचा दिलासा. (तोच देवदूत तिला मालकिणीकडे परत जायला सांगतो, हेही विसरता येत नाही.)

मोठ्या भावाच्या डोळ्याला दुःख दिसतच नाही. नायक विन्स्टनच्या पायाला घोट्यापाशी जुनी जखम आहे. सकाळी उठल्या उठल्या खोकल्याची उबळ येते. त्याच अवस्थेत टेलिस्क्रीनसमोर कवायत करावी लागते. पडद्यावरची बाई त्याचा नंबर घेऊन ओरडते, अजून खाली वाक! आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्याची बोटे पायाच्या बोटांना टेकतात.