वंशावळ व कुलकथा

एखाद्या मूळपुरुषापासून झालेल्या संततीची पिढीवार आणि शाखावार मांडणी म्हणजे वंशावळ होय. ती नावांची साधी यादी, कोष्टक किंवा शाखा फुटलेला वृक्ष अशा कोणत्याही रूपात आढळते. तीत मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, स्थलांतरे व प्रमुख व्यक्तींची चरित्रे यांची भर घातली, की तिला कुलवृत्तांत म्हणतात. घराण्यात तोंडी चालत आलेल्या हकीकतींना येथे कुलकथा असे म्हटले आहे. कोण कोणाचा, हे वंशावळीवरून कळते; तो त्या गावी का आला, हे बहुधा कुलकथेवरूनच कळते. वंशावळ ही सामान्यतः कोणत्या तरी गरजेपोटी तयार होते. वतनाचा तंटा, वारसा, सोयरीक, श्राद्ध किंवा जातीचा दाखला यांपैकी ज्या कारणासाठी ती मांडली जाते, त्या कारणापुरतीच माणसे तीत येतात. म्हणून कागदावरील वंशावळ आणि घरातील कुलकथा एकमेकींशी ताडून पाहिल्यावाचून कुटुंबाचा भूतकाळ नीट उलगडत नाही.

परंपरा : पुराणांच्या पारंपरिक पाच लक्षणांत वंश व वंशानुचरित या दोहोंचा समावेश आहे. प्राचीन ताम्रपटांतही दान देणाऱ्या राजाची वंशावळ आरंभी देण्याची पद्धत होती. विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या इतिहासाची उभारणी मुख्यतः अशाच वंशावळींवर झालेली आहे. १९३९ मध्ये वाशीम येथे सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. यवतमाळचे संशोधक य. खु. देशपांडे यांनी द. बा. महाजन यांच्यासह तो प्रसिद्धीस आणला. त्यावरून पहिल्या प्रवरसेनाचा सर्वसेन नावाचा पुत्र वत्सगुल्म (वाशीम) शाखेचा संस्थापक होता, हे निश्चित झाले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात हे नाव पुसट झाल्यामुळे पूर्वी ते चुकीचे वाचले गेले होते, वा. वि. मिराशी यांनी ते वाचन पुढे दुरुस्त केले. एका नावाच्या चुकीच्या वाचनामुळे राजघराण्याची एक संपूर्ण शाखाच अज्ञात राहिली होती. सामान्य कुटुंबाच्या वंशावळीतही असाच दोष सहज शिरू शकतो.

मध्ययुगात वंशावळीचा मुख्य उपयोग वतनाच्या हक्कासाठी होई. वऱ्हाडात परगण्याला देशमुख व देशपांडे आणि गावाला पाटील व पटवारी असे आनुवंशिक अधिकारी असत. वडीलकी व धाकटेपणा यांवरून भाऊबंदांत तंटा उद्‌भवला, म्हणजे पक्षकार आपला ‘करीना’, म्हणजे मूळपुरुषापासूनची तपशीलवार हकीकत, सादर करीत. गोतसभेपुढे साक्षी होऊन निर्णयाचा महजर लिहिला जाई. हे कागद मोडी लिपीत असून घराण्यांच्या दप्तरांत पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासाची साधने या खंडांची बरीच सामग्री अशा खाजगी दप्तरांतून मिळालेली आहे. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून प्रसिद्ध केले. मात्र ही सर्व परंपरा मुख्यत्वे वतनदार व लेखनजीवी घराण्यांची आहे. ज्यांच्याकडे वतन नव्हते, त्यांच्या वंशावळीचा कागदही सहसा झाला नाही.

वंशावळ राखणारे व्यावसायिक : काही समाजांनी वंशावळ सांभाळण्याचे काम स्वतंत्र व्यावसायिकांकडे सोपविले होते. दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकात हेळवी बैलावरून गावोगाव फिरत, यजमानाच्या दारी त्याची वंशावळ वाचून दाखवीत, नव्या जन्मांची नोंद करीत आणि धान्याच्या रूपाने मोबदला घेत. अन्य भागांत हे काम भाट करीत. त्र्यंबकेश्वर, नासिक, काशी, गया इ. क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे नाव, गाव, वडील, आजोबा व सोबत आलेले नातेवाईक यांची नोंद, पुष्कळदा त्याच्याच सहीसह, आढळते. अमेरिकेतील यूटा येथील वंशावळ संस्थेने हरिद्वार येथील अशा अनेक वह्यांची सूक्ष्मपटावर छायाचित्रे घेतली. वही ठेवणारा प्रत्यक्ष भेटीच्या वेळीच नोंद करीत असल्याने या नोंदी बऱ्याच विश्वसनीय असतात. तथापि जो यात्रेला गेला नाही, त्याचे नाव तीत नसते.

यवतमाळ जिल्हा : लेखी व मौखिक या दोन्ही परंपरा एकत्र पाहावयास मिळत असल्याने या जिल्ह्याचे उदाहरण बोधप्रद आहे. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात वऱ्हाड सुभ्यातील कळंब सरकारचा उल्लेख येतो. यवतमाळ व जवळचे लोहारा यांचा निर्देश ‘योत-लोहारा’ असा आहे. जुन्या वतनदार घराण्यांच्या गावांची नावे अशा नोंदींत शोधता येतात. १८५३ च्या तहानुसार वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. पुढे येथे जो वणी जिल्हा झाला, तो १९०५ पासून यवतमाळ या नावाने ओळखला जाऊ लागला आणि त्याला तत्कालीन वाशीम जिल्ह्यातील पुसद तालुका जोडण्यात आला. म्हणून १९०५ पूर्वीचे पुसदकडील घराण्याचे कागद वाशीम जिल्ह्याच्या, तर दारव्ह्याकडील घराण्याचे कागद वणी जिल्ह्याच्या नावाखाली पाहावे लागतात. य. खु. देशपांडे यांनी यवतमाळ येथे स्थापन केलेल्या शारदाश्रम या संस्थेने जुन्या पोथ्या व कागदपत्रे मिळवून त्यांचा अभ्यास करण्याचे काम या भागात रुजविले.

जिल्ह्यातील गोंड, परधान, कोलाम, आंध व बंजारा या समाजांची वंशस्मृती प्रामुख्याने मौखिक आहे. गोंडांची कुळे चार, पाच, सहा व सात देवांच्या गटांत विभागलेली असून एकाच गटात विवाह होत नाही. त्यामुळे आपले कूळ व देवसंख्या ठाऊक असणे प्रत्येकास आवश्यक असते. परधान हे गोंडांचे परंपरागत कथक होत. ते आपापल्या गोंड यजमानांकडे ठरावीक काळाने जातात आणि किकरी या तंतुवाद्याच्या साथीने कुळाच्या उत्पत्तीची व कुलदेवतेची (पेरसा पेन) कथा गातात. ख्रिस्तोफ फोन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ यांनी पैनगंगेपलीकडील आदिलाबादच्या राजगोंडांच्या अभ्यासात या नात्याचे सविस्तर वर्णन केले आहे. यजमान व कथक यांचा हा संबंध शिथिल झाला, म्हणजे गाणाऱ्याबरोबर त्या कुळाची कथाही नाहीशी होते. तिची दुसरी प्रत कोठेही नसते.

बंजारा समाजात ढाडी हे गायक कुळांच्या परंपरा गात. बंजाऱ्यांच्या बाबतीत आडनावाचा प्रश्नही लक्षात घ्यावा लागतो. तांड्याच्या प्रमुखास नायक म्हणतात आणि काही घराण्यांत हे पदच आडनाव बनले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री (१९६३–७५) वसंतराव नाईक यांचे पुसदजवळील गहुली येथील घराणे मूळचे राठोड कुळातील होय. केवळ आडनावावरून शोध घेणाऱ्यास अशा वेळी मागील पिढ्या सापडत नाहीत. कूळ, तांडा व नायकाचे नाव यांच्या आधारेच मागे जावे लागते. पाटील, देशमुख, देशपांडे या आडनावांबाबतही हीच अडचण येते, कारण ती निरनिराळ्या जातींत व घराण्यांत पदामुळे आलेली आहेत.

लेखी नोंदी : विदर्भात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची नोंद ठेवीत असे. ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नोंदी वतन नसलेल्या कुटुंबांसाठी सर्वांत मोलाच्या आहेत, कारण त्यांत शेतमजुराच्या घरचा जन्मही जमीनदाराच्या घरच्या जन्माप्रमाणेच नोंदला जाई. मात्र नोंद बारशापूर्वीच होत असल्याने बाळाचे नाव पुष्कळदा नसते. पित्याचे नाव, जात व मुलगा की मुलगी एवढाच उल्लेख असतो. त्याखेरीज शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, पाहणीपत्रक, १९५४-५५ च्या सुमाराचे अधिकार अभिलेख आणि वारसांचे फेरफार यांचा उपयोग होतो. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला.

पडताळणी : मौखिक परंपरेचे अभ्यासक यान व्हान्सिना यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशा परंपरांची ऐतिहासिक चिकित्सा कशी करावी, याचे विवेचन केले. मौखिक वंशावळीत मूळपुरुष आणि अलीकडच्या तीनचार पिढ्या स्पष्ट आठवतात, मधल्या पिढ्या गळतात किंवा एकमेकींत मिसळतात. दोन पिढ्यांतील अंतर साधारणपणे पंचवीस ते तीस वर्षे धरल्यास अशी गळती लक्षात येते. तीनशे वर्षांपूर्वी गावी आल्याचे सांगणाऱ्या घराण्याच्या वंशावळीत पाचच पिढ्या असतील, तर काळ किंवा पिढ्यांची संख्या यांपैकी काहीतरी चुकलेले असते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे दोन व्यक्तींची एक व्यक्ती होते. दत्तक गेलेला पुरुष दोन वंशावळींत येतो किंवा कोठेच येत नाही. जुन्या कागदांवरील कालगणनाही तपासावी लागते : शकात ७८ किंवा ७९ आणि दक्षिणी फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळविले असता इसवी सन येतो.

कुलकथेत सनाचा उल्लेख क्वचितच असतो, परंतु घटनांचा असतो. १८९९-१९०० चा दुष्काळ, १९१८ ची मानमोडीची साथ, जुलै १९३० मधील पुसदचा जंगल सत्याग्रह यांसारख्या सर्वश्रुत घटनांच्या आधारे कुटुंबातील प्रसंगाचा काळ ठरविता येतो. पणजोबा मानमोडीत वारले, असे घरात सांगत असतील, तर १९१८ सालच्या कोतवाल बुकात त्या गावचे मृत्यू पाहावेत. तेथे नाव आढळल्यास कथेला तारीख मिळते व त्या नोंदीलाही अर्थ येतो. दोन भावांपैकी एक येथे राहिला व दुसरा पुढे गेला, अशी स्थलांतराची कथा अनेक घराण्यांत सारख्याच शब्दांत आढळते. ती एकदम खरी वा खोटी न ठरविता, दुसऱ्या भावाच्या गावी तीच कथा कशी सांगतात हे पाहावे. माहूरच्या रेणुकेसारखे समान कुलदैवत हा दुजोरा देणारा धागा असतो. तो एकटा पुरावा मात्र नव्हे.

स्त्रियांचे स्थान : दहा पिढ्या मागे गेल्यास एका व्यक्तीच्या त्या पिढीतील पूर्वजांची स्थाने १,०२४ होतात, पुरुषवंश सांगणारी पारंपरिक वंशावळ त्यांपैकी एकाच स्थानापर्यंत पोहोचते. मुलींची नावे गाळलेली असतात आणि सुनांची असलीच, तर सासरच्या नावाने. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिने मात्र आपल्या ताम्रपटांच्या आरंभी पित्याच्या गुप्त वंशाची परंपरा दिली आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सापडलेला ताम्रपट त्यांपैकी एक होय. सामान्य स्त्रीला असे साधन नव्हते. तिचे माहेर, भाऊ व आई यांची आठवण जात्यावरील ओव्यांत आणि वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यात राहिली. म्हणून वंशावळ तयार करताना प्रत्येक स्त्रीचे माहेरचे नाव, गाव व कूळ स्त्रियांनाच विचारून नोंदविणे अगत्याचे आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः समान हक्क देणारी महाराष्ट्राची १९९४ ची व केंद्राची २००५ ची दुरुस्ती झाल्यानंतर या नोंदीला व्यावहारिक महत्त्वही आले आहे.

कायद्यातील महत्त्व : महाराष्ट्रात जातीच्या प्रमाणपत्रासंबंधीचा कायदा २००१ पासून अंमलात असून जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या दिनांकांपूर्वीच्या नोंदींना विशेष वजन असते. त्या नोंदीतील व्यक्तीशी आपले नाते वंशावळीने दाखवावे लागते. यवतमाळ जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९७६ ची दुरुस्ती होईपर्यंत केळापूर, वणी व यवतमाळ या तीनच तालुक्यांत गोंड, कोलाम इत्यादींना अनुसूचित जमाती म्हणून मान्यता होती. दारव्हा व पुसद तालुक्यांतील त्यांचेच भाऊबंद यादीबाहेर राहिले होते. ज्यांच्या पूर्वजांनी कधी वंशावळ लिहिली नाही, त्यांच्या नातवंडांचे शिक्षण व नोकरी अशा रीतीने वंशावळीवर अवलंबून राहिली. वनहक्कांच्या २००६ च्या कायद्याने यात एक वेगळी वाट काढली. जमातींव्यतिरिक्तच्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. परंतु त्याखालील नियमांनी जुन्या अभिलेखातील व्यक्तीपर्यंत पोहोचणारी वंशावळ आणि गावातील वृद्धांचे लेखनिविष्ट केलेले निवेदन हे दोन्ही पुरावे म्हणून मान्य केले आहेत. वृद्धाच्या स्मृतीला यामुळे कागदाच्या बरोबरीने स्थान मिळाले.

जतन : कुटुंबातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीपासून आरंभ करावा, कारण कागद उद्याही पाहता येतो. निवेदन शक्यतो सांगणाऱ्याच्या बोलीत, ध्वनिमुद्रणासह घ्यावे आणि त्यावर सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव व दिनांक लिहावा. एकाच प्रसंगाची दोन कथने मिळाल्यास त्यांची सरमिसळ न करता दोन्ही स्वतंत्र ठेवावीत. ऐकीव, लेखी व तर्काने जोडलेली माहिती वंशावळीत वेगवेगळ्या खुणांनी दाखवावी. जुन्या छायाचित्रांतील माणसांची नावे ओळखणारे हयात असतानाच लिहून घ्यावीत. मोडी कागद चिकटपट्टीने जोडू नयेत किंवा प्लास्टिकच्या आवरणात कायमचे बंद करू नयेत; त्यांची छायाचित्रे घेऊन एक प्रत दुसऱ्या शाखेच्या घरी द्यावी. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या इसापूर जलाशयासारख्या ठिकाणी ज्यांची जुनी वस्ती पाण्याखाली गेली, त्या कुटुंबांनी घरांची जागा, देवस्थाने व शेतांची नावे दर्शविणारा स्मरणनकाशाही सोबत ठेवावा. वंशावळीत मूळपुरुष नामवंत निघालाच पाहिजे, असा आग्रह मात्र धरू नये. नाव न ठेवता नोंदले गेलेले मूल, दत्तक गेलेला भाऊ आणि माहेरच्या नावाने कधीच न लिहिली गेलेली आजी यांना त्यांच्या जागी परत आणणे, हे वंशावळीच्या अभ्यासाचे मुख्य फलित होय.