अंगणातली सदाफुली

रोपवाटिकेत सदाफुली मागितली, की माळी पुष्कळदा "विंका घ्या" म्हणतो. हे नाव खरे पाहता दुसऱ्या वनस्पतीचे. व्हिंका मायनर ही युरोपातील सरपटणारी सदाहरित वनस्पती. तिच्या फांद्या जमिनीवर पसरतात, पेरांना मुळे फुटतात. फुले निळसर जांभळी. आमच्या औशात अंगणोअंगणी बारमाही फुलते ती सदाफुली मूळची मादागास्करची. लिनियसने 1759 मध्ये तिला व्हिंका रोझिया म्हटले. पुढे तिला कॅथरँथस या वेगळ्या प्रजातीत घातले, तरी जुने नाव काही सुटले नाही.

ओळख सोपी आहे. सदाफुली ताठ वाढते. पाने समोरासमोर, चकचकीत, मधली शीर फिकट. पाच पाकळ्यांचे गुलाबी किंवा पांढरे फूल बारीक नळीवर बसलेले असते. शेंगा जोडीने येतात. शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत. ती कण्हेरीच्या कुळातली आहे, हे येथे ध्यानात घ्यावे!

मधुमेहावर हिची पाने-फुले चघळणारे आपल्याकडे पुष्कळ. जमैकातही पानांचा काढा घेत. म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी पानांचा अर्क उंदरांना टोचून पाहिला. रक्तातली साखर उतरली नाही. उतरल्या त्या पांढऱ्या पेशी. त्यातून 1958 मध्ये व्हिंब्लास्टीन हाती आले आणि पुढे व्हिंक्रिस्टीन. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिंक्रिस्टीन आजही वापरतात.

पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे सूक्ष्म तंतू तयार होतात. ही द्रव्ये ते तंतू जुळूच देत नाहीत. मात्र अस्थिमज्जेतील निरोगी पेशीही भराभर विभागतात. त्यांनाही हा तडाखा बसतो.

आता थोडे गणित. 1 ग्रॅम व्हिंक्रिस्टीनसाठी सुमारे 2,000 किलो वाळलेली पाने लागतात. एका वेळची मात्रा बहुधा 2 मिलिग्रॅमच्या आतच. म्हणजे सुमारे 4 किलो पानांतले औषध, तेही शुद्ध करून, तोलून, थेट शिरेतून दिलेले. मग चार पाने चघळली तर काय बिघडले? पानांत 100 हून अधिक अल्कलॉइडे असतात. कोणत्या पानात कोणते किती, हे चघळणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. त्यातली काही रक्तदाब उतरवतात, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या आजोबांना बहुधा रक्तदाबाच्याही चालू असतात.