माझी गाणी कोणती?

कवितावाचन संपले की चहाच्या वेळी कुणीतरी जवळ येते, हात हातात घेते आणि मनापासून म्हणते, ‘तुमचं मराठी फार चांगलं आहे हो!’ बोलणाऱ्याच्या मनात काही वावगे नसते. मीही ‘धन्यवाद’ म्हणतो. पण माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कुलकर्णींना किंवा जाधवांना हे वाक्य कोणी ऐकवत नाही, हे लक्षात आल्यावाचून राहत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याच धाराशिव जिल्ह्यातल्या एका कार्यक्रमात संयोजक म्हणाले, ‘आता जाता जाता तुमचं एखादं गाणं होऊ द्या.’ मी गदिमांचे एक गाणे गुणगुणायला सुरुवात केली. ते हसून म्हणाले, ‘हे नाही, तुमचं!’ त्यांना कव्वाली हवी होती.

तेव्हापासून हा प्रश्न मनात आहे. गाणे आपले आहे, हे ठरवायचे कशावरून?

गंमत अशी की कॅनडा देशाने हा प्रश्न चक्क नियम करून सोडवायचा प्रयत्न केला. शेजारी अमेरिका. तिथल्या गाण्यांचा लोंढा एवढा की कॅनडाच्या रेडिओवर कॅनडाचे गायक ऐकूच येईनात. म्हणून १९७१ पासून तिथल्या रेडिओ केंद्रांवर ३० टक्के गाणी स्वदेशी वाजवण्याचे बंधन आले. स्वदेशी कोणते, हे ठरवायला चार कसोट्या लावल्या. चाल कोणाची, गायक कोण, ध्वनिमुद्रण कुठे झाले आणि शब्द कोणाचे. चारपैकी दोन जमल्या की गाणे कॅनडाचे. नियम कोरडा आहे, पण मला आवडला. त्यात गाणाऱ्याचे आडनाव विचारलेले नाही. म्हटले, आपणही आपली चार-पाच आवडती गाणी या कसोट्यांवर लावून पाहू.

पहिले गाणे मोहम्मद रफींचे, ‘शोधिसी मानवा राऊळी मंदिरी’. शब्द वंदना विटणकरांचे, चाल श्रीकांत ठाकरे यांची. या गाण्याचे माझ्यावर ऋण आहे, ते सांगायला हवे.

आमच्या घरात दखनी बोलतात. दखनीत ‘ळ’ नाही. सहावीत असताना वर्गात कविता म्हणायला उभा राहिलो आणि ‘काळे ढग’ऐवजी ‘काले ढग’ म्हणालो. वर्ग हसला. पुढे कितीतरी दिवस मुले मला ‘शालेत चाललास का?’ म्हणून विचारायची. मी कविता म्हणणे सोडले. वडिलांचे बाजारात शिवणकामाचे दुकान होते. मशीनच्या शेजारी एक ट्रान्झिस्टर असायचा. रफीसाहेब १९८० च्या जुलैमध्ये गेले, त्यानंतरचे ते दिवस. एका दुपारी परभणी केंद्रावर हे गाणे लागले. अब्बांनी पायाने चालणारी मशीन थांबवली आणि मला म्हणाले, ‘सुन रे, रफीसाब भी बोलते ल! तेरेकू क्या हुआ?’ त्यांना ‘ळ’ म्हणायचे होते. त्यांच्याही तोंडून ‘ल’च निघाला. आम्ही दोघेही हसलो. वर्गातल्या हसण्यापेक्षा हे हसणे वेगळे होते.

त्या रात्रीपासून मी ‘राऊळी’ या शब्दावर ‘ळ’ घोटला. ‘ल’ म्हणताना जिभेचे टोक दातांमागे टेकते. ‘ळ’ला ते मागे वळवून टाळूला लावावे लागते आणि सोडताना पुढे फेकावे लागते. एवढाच खेळ आहे, पण महिनाभर जीभ वळत नव्हती. उर्दू लिपीत या ध्वनीसाठी अक्षरही नाही. रफींना तो कसा जमला, याचे मला बरीच वर्षे नवल वाटे. नंतर कळले की पंजाबी बोलीत ‘ळ’ आहे, आणि रफी मूळचे अमृतसरजवळच्या खेड्यातले. म्हणजे हिंदी गाण्यांत ज्या ध्वनीला काम नव्हते, त्याला मराठीने काम दिले. पंजाबचा गायक असूनही चाल आणि शब्द या दोन कसोट्यांवर गाणे पास आहे.

दुसरे गाणे ‘माझी मैना गावावर राहिली’. लिहिले अण्णाभाऊ साठे यांनी आणि गाजवले शाहीर अमर शेख यांनी. अमर शेख बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. बार्शी आमच्यापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर, पण १९४७ पर्यंत बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि आम्ही निजामाच्या. १९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदाने भरली.

ही छक्कड आहे, म्हणजे शाहिरी बाजातले गाणे. ते सुरू होते प्रेमगीतासारखे. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने झुरतो. तिच्या रूपाचे वर्णन रंगते, ऐकणारा सैलावतो. आणि मग शाहीर अलगद सांगतो की जी ताटातूट या गड्याची, तीच तुकडे झालेल्या मराठी मुलखाची. बेळगाव-कारवार बाहेर राहिले, त्याचे दुःख एका गिरणी कामगाराच्या विरहातून लोकांच्या गळी उतरते. राजकारण सांगण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले. सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेखही अपघातात गेले. महाराष्ट्र राज्य मागायला जो आवाज सर्वांत पुढे होता, त्यात मेहबूब पटेलांचा आवाज होता. त्यांना कोणी ‘मराठी चांगलं आहे हो’ म्हटले असेल, असे वाटत नाही.

तिसरे, त्या कार्यक्रमात मी सुरू केलेले आणि अर्धे राहिलेले गाणे. १९६१ च्या ‘प्रपंच’ चित्रपटातले, ‘विठ्ठला, तू वेडा कुंभार’ म्हणून ओळखले जाणारे. शब्द गदिमांचे, चाल आणि आवाज सुधीर फडक्यांचा. याच चित्रपटात अमर शेखांनीही काम केले होते. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे गाणे परके वाटणे शक्यच नाही, कारण कुंभार म्हटले की आम्हाला तेरचे गोरोबाकाका आठवतात. तेरच्या संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या बाहुल्या आहेत. माती घडवण्याची या गावाची सवय इतकी जुनी. गोरोबाकाकांची कथा तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि मडके कच्चे की पक्के ते सांगितले. नामदेवांचे मडके कच्चे निघाले. गदिमा गाण्यात हाच धागा पुढे नेतात. एकाच मातीची मडकी, एकाच हाताने घडवलेली, मग प्रत्येकाचे नशीब निराळे का, असे ते थेट विठ्ठलालाच विचारतात. भक्ती आहे आणि तक्रारही आहे. २०२० साली आमच्या गावी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि संमेलननगरीला नाव होते गोरोबाकाकांचे. मंडपात बसून मला हेच गाणे आठवत होते.

चौथे गाणे प्रल्हाद शिंदे यांचे, ‘पाऊले चालती पंढरीची वाट’. आषाढीच्या दिवसांत एसटी स्टँडवर, टपरीवर, ट्रॅक्टरवर हे वाजले नाही असे होत नाही. हाच गळा भीमगीते गायचा आणि हाच गळा कव्वालीही गायचा. आमच्या शहरात ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्याचा उरूस भरतो, तिथे लहानपणी मी कव्वाली ऐकली. तिची बांधणी सोपी आहे. मुख्य गायक एक ओळ टाकतो, मागची मंडळी टाळ्यांच्या ठेक्यावर ती उचलतात आणि ऐकणारा हळूहळू त्यात ओढला जातो. वामनदादा कर्डकांसारख्या कवींच्या काळात हीच बांधणी आंबेडकरी जलशांच्या मंचावर आली आणि कव्वालीचे सामने रात्र-रात्र रंगू लागले. माझ्या संयोजक मित्राला जी कव्वाली ‘माझी’ वाटत होती, ती केव्हाच सगळ्यांची झाली होती.

पाचवे गाणे गझल आहे, ‘जखमा अशा सुगंधी झाल्यात काळजाला’. लिहिली सांगली जिल्ह्यातल्या दुधगावच्या इलाही जमादारांनी, गायिली भीमराव पांचाळे यांनी. गझलेत दोन ओळींचा एक शेर असतो आणि तो स्वतःपुरता पूर्ण असतो. सगळे शेर एकाच वृत्तात. शेवटी तोच शब्द पुन्हा येतो, तो रदीफ. त्याच्या आधी जुळणारा, तो काफिया. हे तंत्र मराठीला शिकवायला सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. त्या बाराखडीवर आमची पिढी वाढली. आता या गझलेतला ‘काळजाला’ हा शब्द मुद्दाम म्हणून पाहा. एकाच शब्दात ‘ळ’ही आहे आणि ‘ल’ही. इलाहींनी तो सहज लिहिला असणार. मला मात्र तो ऐकला की माझी सहावी आठवते.

यादी वाचून माझी मुलगी म्हणाली, ‘अब्बू, सैराट कुठंय?’ तिचे बरोबर आहे. आमच्या शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या नागराज मंजुळे यांचा २०१६ चा तो चित्रपट. अजय-अतुल यांनी त्यातल्या गाण्यांसाठी लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद वापरला आणि त्या वाद्यवृंदावर शब्द ठेवला ‘याड’. पुस्तकात ‘वेड’ असते. आमच्या रानात ‘याड’च लागते. वर्गात असे म्हटले असते तर त्यालाही मुले हसली असती. ध्वनिमुद्रणाच्या कसोटीवर सैराट नापास, बाकीच्यांवर पहिल्या वर्गात पास.

कॅनडाच्या चार कसोट्या चांगल्या आहेत, पण त्या गाणाऱ्यांसाठी आहेत. ऐकणाऱ्यासाठी मी एक पाचवी धरतो. ज्या गाण्याने आपल्याला बोलते केले, ते आपले. हल्ली कोणी विचारले की तुमचे मराठी इतके चांगले कसे, तर मी खरे ते सांगतो. ‘रेडिओ ऐकून.’

अब्बांना ‘ळ’ शेवटपर्यंत आला नाही. दुकान बंद करताना, कुलूप लावता लावता ते रफींचे गाणे गुणगुणायचे आणि ‘राऊली’ म्हणायचे. मी कधी त्यांना दुरुस्त केले नाही. गाणे त्यांचेच होते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)