एकाच नांवाचीं अनेक उत्तरें

एका कुटुंबांतील चार माणसांचीं तिकिटें एकाच अर्जानें मागितलीं आणि यादींत मात्र एकाचेंच नांव उमटलें, तर दोष कोणाचा? अर्ज भरणाराचा खास नव्हे. बहुधा तो अर्ज वाचणाऱ्या सर्व्हरवरील प्रोग्रामचा असतो.

संगणकाच्या पडद्यावरील अर्ज भरून बटण दाबलें कीं, ब्राउझर प्रत्येक रकान्याचें नांव व त्यांतील मजकूर यांची एकेक जोडी करतो, आणि त्या जोड्यांची एक सरळ रांग सर्व्हरकडे धाडतो. १९९५ सालच्या एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तींत नमूद झालेली ही पद्धत आजही चालूं आहे. 'प्रवासी' या नांवाचे चार रकाने असले, तर रांगेंत तें नांव चार वेळां येतें. त्यांत वावगें कांहींच नाहीं. चारही उत्तरें सुखरूप पोहोंचतात. घोटाळा होतो तो तीं वाचतांना.

पीएचपी या भाषेंत अशा वेळीं नंतरचें उत्तर आधींचें पुसून टाकतें व शेवटचेंच हातीं लागतें. पायथॉनमधील जँगो या साधनसंचांत 'गेट' म्हटल्यास शेवटचेंच मिळतें. जावाच्या सर्व्हलेटमध्यें 'गेटपॅरामीटर' म्हटल्यास पहिलें. बाकीचीं तीन गळाल्याची वर्दी कोणीहि देत नाहीं. प्रोग्राम तपासतांना एकाच प्रवाशाचा अर्ज भरून पाहिला असेल, तर हें व्यंग दिसतही नाहीं.

यावर उपाय अ‍ॅरेचा. अ‍ॅरे म्हणजे एका नांवाखालीं ओळीनें मांडलेले, शून्यापासून क्रमांक दिलेले कप्पे. पीएचपींत रकान्याच्या नांवापुढें रिकामा चौकटी कंस जोडून 'प्रवासी[]' असें लिहिलें कीं, प्रत्येक उत्तराला स्वतंत्र कप्पा मिळतो. जँगोंत 'गेटलिस्ट' आणि जावांत 'गेटपॅरामीटरव्हॅल्यूज' यांच्याकडे सर्व उत्तरें मागतां येतात.

परंतु येथें आणखी एक खांच आहे. प्रत्येक प्रवाशाच्या नांवाशेजारीं 'भोजन[]' या नांवाची खूण करावयाची चौकट ठेविली आहे, असें समजूं. ज्या चौकटींत खूण नाहीं, ती ब्राउझर पाठवीतच नाहीं. पहिल्या क्रमांकाच्या आजीबाईंचा उपवास. भोजन हवें दुसऱ्या व चौथ्या प्रवाशाला. सर्व्हरला नांवें चार मिळतात, खुणा मात्र दोनच, आणि त्या पहिल्या दोन कप्प्यांत जाऊन बसतात. परिणामीं आजीबाईंपुढें ताट येतें आणि चौथा प्रवासी उपाशी राहतो!

म्हणून रिकाम्या कंसावर न विसंबतां कंसांत क्रमांक घालावा: 'प्रवासी[०][नांव]', 'प्रवासी[०][भोजन]', पुढच्यासाठीं १, २, ३. आतां खूण आली नाहीं तरी इतरांच्या खुणा जागच्या हलत नाहींत. नांव आणि भोजन एकाच माणसाच्या कप्प्यांत राहतात. हे क्रमांक मात्र प्रत्यक्ष प्रोग्राममध्यें इंग्रजी अंकांतच लिहावयाचे.

तारेवरून जाते ती केवळ जोड्यांची रांग. कोणती गोष्ट कोणाची, हें तिला ठाऊक नसतें. तो संबंध अर्ज रचणारानें नांवांतच लिहून ठेवावा लागतो.