आमदारांची मिळकत आणि आमची खतावणी

मार्चअखेर जवळ आली की आपण सारे दुकानदार एकच काम करतो. माल मोजायचा, उधारी काढायची, देणे लिहायचे आणि गेल्या वर्षीची शिल्लक यंदाच्या शिल्लकेशी ताडून पाहायची. शिल्लक वाढली असेल तर ती कशाने वाढली हे सांगता आले पाहिजे. विक्रीतून वाढली, कर्ज काढून वाढली, की घरातले दागिने मोडून? शिरूरच्या आमच्या कापडाच्या दुकानात गेली तीस वर्षे हाच रिवाज आहे.

आमदार-खासदारांच्या पगारवाढीची बातमी आली की मात्र आपण व्यापारी ही शिकवण विसरतो आणि चहाच्या टपरीवर पगाराच्या आकड्यावरच तुटून पडतो. आमचे म्हणणे असे, की पगार हा त्या वहीतला सर्वांत लहान आकडा आहे. पाहायची ती शिल्लक.

पगार किती?

खासदारांचा पगार ठरवण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम १०६ ने संसदेला आणि आमदारांचा कलम १९५ ने विधिमंडळाला दिला आहे. म्हणजे घेणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच. १९५४ च्या कायद्याने खासदाराला महिना ४०० रुपये व कामाच्या दिवसाला २१ रुपये भत्ता मिळू लागला. २०१० मध्ये पगार ५० हजार झाला, २०१८ मध्ये १ लाख झाला आणि दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे तो वाढवायचा असे ठरले. त्यानुसार मार्च २०२५ मध्ये आदेश निघून १ एप्रिल २०२३ पासूनचा पगार १ लाख २४ हजार रुपये झाला. दैनिक भत्ता २,५०० रुपये आणि माजी खासदाराचे निवृत्तिवेतन ३१ हजार रुपये. मतदारसंघ भत्ता व कार्यालय भत्ता वेगळा.

आपल्या राज्यात ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांचे मानधन साधारण ७५ हजारांवरून एकदम दीड लाखाच्या वर गेले. विधेयक चर्चेविना मंजूर झाले. मानधनाची सांगड बड्या सनदी अधिकाऱ्यांच्या वेतनाशी घातल्याने महागाई भत्ता वाढला की तेही वाढते.

भागीदारीच्या धंद्यात एका भागीदाराने बाकीच्यांना न विचारता गल्ल्यातून स्वतःचा पगार वाढवून घेतला, तर दुसऱ्या दिवशी भांडण ठरलेले. ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या खर्चाच्या बिलांचा मोठा गवगवा झाला, तेव्हा त्यांनी पगार-भत्त्यांचे काम स्वतंत्र संस्थेकडे सोपवले. आपल्याकडेही असे व्हायला हरकत नाही.

पण पगारच नको, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्याच ब्रिटनमध्ये १९११ पर्यंत खासदारांना पगार नव्हता. परिणाम असा, की घरचे भरपूर असलेलेच तेथे बसू शकत. उद्या आमदारकी बिनपगारी केली, तर दौंडच्या शिंप्याने किंवा शिरूरच्या गवंड्याने मशीन आणि थापी खाली ठेवून मुंबईला जायचे कसे? पगार ही कारागिराच्या पोरासाठी ठेवलेली वाट आहे. ती वाट आज पगाराने नव्हे, निवडणुकीच्या खर्चाने बंद झाली आहे.

शिल्लक किती?

हिशेब करू. खासदाराचा १ लाख २४ हजारांचा पगार, एक पैसा खर्च न करता पाच वर्षे साठवला, तर ७४ लाख ४० हजार होतात. आमदाराला हात सैल सोडून महिना ३ लाख धरले, तर पाच वर्षांचे १ कोटी ८० लाख.

आता दुसरे पान. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था उमेदवारांच्या शपथपत्रांवरून गोषवारा काढते. तिच्या हिशेबाने २०१९ मध्ये महाराष्ट्रात निवडून आलेल्या आमदारांची सरासरी मालमत्ता २२ कोटी ४२ लाख होती, २०२४ मध्ये ती ४३ कोटी ४२ लाख झाली. २०२४ च्या विजयी उमेदवारांपैकी ९७ टक्के कोट्यधीश आहेत.

येथे व्यापाऱ्याने सावध व्हावे. सरासरी ही फसवी चीज आहे. घाटकोपर पूर्वचे आमदार पराग शाह बांधकाम व्यावसायिक आहेत आणि त्यांनी २०२४ मध्ये एकट्याने ३,३८३ कोटींची मालमत्ता जाहीर केली. २८६ जणांच्या सरासरीत जवळपास १२ कोटी त्यांच्या एकट्याचे आहेत. त्यांना वगळले, तर सरासरी पावणेबत्तीस कोटींच्या आसपास येते. शिवाय २०१९ चे आणि २०२४ चे आमदार तेच नाहीत. म्हणून सरासरीवरून कोणाला चोर ठरवू नये. ज्याची त्याची वही स्वतंत्र वाचावी.

वही कशी वाचावी?

ही वही आपल्याला सहज मिळालेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी उमेदवाराची मालमत्ता जाणण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला. संसदेने कायदा करून तो आखडता घेतला, तेव्हा मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ते कलम रद्द केले. फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने उत्पन्नाचे मार्गही सांगणे आले. आज नमुना २६ मधील शपथपत्रात स्वतःचे, पती किंवा पत्नीचे व अवलंबितांचे रोख, ठेवी, शेअर, दागिने, वाहने, जमीन, घरे, कर्जे आणि पाच वर्षांच्या आयकर विवरणातले उत्पन्न लिहावे लागते.

आपल्या भागात सर्वांत नीट पाहायचा रकाना जमिनीचा. पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावची औद्योगिक वसाहत आली, पुणे-सोलापूर रस्त्यावर कुरकुंभची आली, आणि ज्याची वडिलोपार्जित दहा एकर त्या बाजूला होती तो काहीही न करता लखपतीचा कोट्यधीश झाला. त्यात त्याचा गुन्हा नाही. म्हणून शपथपत्रात जमीन वारसाने आली की विकत घेतली, कधी घेतली, तेव्हा किती दिले आणि आज किंमत किती, असे वेगवेगळे रकाने आहेत. जुन्या जमिनीचा भाव वाढला तर ती भाववाढ. गेल्या पाच वर्षांत नवे सातबारे आले असतील, तर त्यांचे पैसे कोठून आले ते उत्पन्नाच्या आणि कर्जाच्या रकान्यात सापडले पाहिजे. ऊस पट्ट्यात ‘शेती’ हे उत्तर पुष्कळ ठिकाणी मिळेल. ते खरेही असू शकते. पण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, तेव्हा एकरी हिशेब आपणच मांडून पाहावा.

दौंडमधून राहुल कुल २०१४, २०१९ आणि २०२४ असे तीनदा निवडून आले. शिरूरमधून अशोक पवार या तिन्ही निवडणुकांत उभे होते. २०२४ मध्ये तेथे ज्ञानेश्वर कटके निवडून आले. लोकसभेला शिरूरचे डॉ. अमोल कोल्हे आणि दौंड ज्यात येते त्या बारामतीच्या सुप्रिया सुळे एकाहून अधिक वेळा निवडून आल्या आहेत. यांची शपथपत्रे शेजारी शेजारी ठेवता येतात. आम्ही येथे कोणाचाही आकडा मुद्दाम छापत नाही. नुसत्या बेरजेवरून केलेला न्याय खोटा ठरतो. रकाने ज्याचे त्याने वाचावेत.

आमची स्वतःची चूक

हे लिहिण्याचा अधिकार सांगण्याआधी एक कबुली दिली पाहिजे. एका निवडणुकीत एका उमेदवाराच्या माणसाने आमच्याकडे झेंडे आणि उपरणी सांगितली. सुरतेहून पॉलिस्टरचे ताके आणवले, दौंडच्या कारागिरांकडून नगावर शिवून घेतले. एकूण बिल झाले २ लाख ८० हजार. खर्चाची मर्यादा असते, म्हणून पक्के बिल ६० हजारांचेच करा, बाकी रोख देतो, असे सांगण्यात आले. आम्ही केले. गिऱ्हाईक मोठे होते, आणि खरे सांगायचे तर भीतीही होती.

निकाल लागला. रोखीतले ४० हजार आजतागायत आले नाहीत. मागायचे कोणत्या तोंडाने? आमच्याच सहीचा कागद म्हणतो की माल ६० हजारांचा आणि पैसे पोचले. शिंप्यांची मजुरी आम्ही खिशातून दिली. त्यातल्या एकाने विचारले, “शेठ, त्यांनी खर्च लपवला तो आपल्या वहीत, मग त्यांची वही खोटी कशी म्हणायची?” आमच्याकडे उत्तर नव्हते.

आज विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे, आणि निकालापासून ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. त्या हिशेबाला जोडलेली बिले मंडपवाला, छापखाना, कापडवाला, हॉटेलवाला अशा आपल्यासारख्यांचीच असतात. आपण खरे बिल दिले, तर अर्धा हिशेब आपोआप खरा होतो.

तेव्हा व्यापारी आणि कारागीर बांधवांनो, पुढच्या निवडणुकीत दोन गोष्टी करा. उमेदवाराचे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते. घरातल्या शिकत्या मुलाकडून जुने आणि नवे दोन्ही काढून घ्या आणि मार्चअखेरची वही तपासता तसे तपासा. आणि मालाचे बिल जेवढ्यास तेवढे करा, निम्मे पैसे आगाऊ घ्या. आमच्या दुकानात आता हाच नियम आहे. गेल्या खेपेस एक मोठी ऑर्डर या नियमापायी शेजारच्या गावी गेली. गेली तर गेली.